अर्ध्यावर तोडलेले संशोधन कोणाच्या जिवावर?



महानगरी एक्स्प्रेसने बनारसला उतरणारा मराठी माणूस सहसा सरळ घाटाकडे जातो. संघटनेच्या कामासाठी मी तिकडे गेलो, तेव्हा पहिली फेरी लहरताऱ्याला मारली. कँट स्टेशनपासून जवळच असलेला हा भाग. कबीर याच ठिकाणच्या तळ्यात सापडला अशी आख्यायिका आहे. पण मला तिथे पाहायचे होते ते रुग्णालय. एके काळी ते रेल्वेचे स्वतःचे कर्करोग रुग्णालय होते. २०१८ साली ते टाटा मेमोरियल सेंटरच्या ताब्यात गेले आणि त्याला होमी भाभा यांचे नाव मिळाले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात, टाटा मेमोरियलचेच दुसरे मोठे केंद्र मदनमोहन मालवीय यांच्या नावाने उभे राहिले. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दोन्हींचे उद्घाटन झाले.

या रुग्णालयांचे स्वागत करायला आपला हात आखडण्याचे कारण नाही. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर पथारी टाकून महिनोन्महिने काढणारी पूर्वांचल आणि बिहारची कुटुंबे मुंबईच्या प्रत्येक कामगाराने पाहिली आहेत. त्यांतल्या काहींना आता घराजवळ उपचार मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण इमारत उभी राहिली की तिचे उद्घाटन होते, फोटो छापून येतो. त्या इमारतीत रुग्णाला जे औषध मिळते, ते औषध योग्य आहे हे कोणी, किती वर्षे खपून आणि कोणाच्या पैशाने शोधले, याचा फोटो कुठे येत नाही. म्हणूनच काटकसरीची कुऱ्हाड चालवायची झाली की सरकारे ती आधी तिथेच चालवतात. हा लेख त्याबद्दल आहे.

कोणी म्हणेल, महागाई भत्ता, जुनी पेन्शन, रिकाम्या जागा आणि खाजगीकरण एवढे प्रश्न पुढे असताना कामगार संघटनेने प्रयोगशाळेची उठाठेव कशाला करावी? त्याचे उत्तर मी आमच्याच एका सहकाऱ्याच्या आजारातून देतो.

केस पेपरवर नसलेला रकाना

आमच्या डिझेल शेडमधले एक फिटर, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, निवृत्त झाल्यावर सहाव्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. त्यांच्याबरोबर मी रुग्णालयाच्या खेपा घातल्या. पहिल्या दिवशी केस पेपर भरताना विचारले, 'बिडी ओढता? तंबाखू खाता?' अण्णा म्हणाले, 'तंबाखू खायचो, सोडली.' झाले. कागदावर तंबाखू लिहिली गेली. तीस वर्षे बंद शेडमध्ये चालू इंजिनाच्या धुरात उभे राहून ज्याने नोकरी केली, त्या माणसाला 'काम काय करत होता' हे कोणी विचारले नाही. विचारणाऱ्याचा दोष मी मानत नाही. त्याच्या कागदावर तसा रकानाच नव्हता.

आता दुसरीकडची गोष्ट पाहा. अमेरिकेत संशोधकांनी ५४,९७३ रेल्वे कामगारांच्या नोंदी घेऊन १९५९ पासून १९९६ पर्यंत, म्हणजे ३८ वर्षांचा हिशेब मांडला. कोण गाडीवर होता, कोण कचेरीत होता, कोणी किती वर्षे कोणते काम केले, हे सारे तिथल्या रेल्वे निवृत्तिमंडळाच्या दप्तरात होते. २००४ साली निष्कर्ष छापला गेला. डिझेलच्या धुरात काम करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होते. अशा अभ्यासांच्या आणि खाण कामगारांवरील अभ्यासांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर हा माणसाला निश्चितपणे कर्करोग करणारा आहे असे जाहीर केले. याच संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, रात्रपाळीच्या कामाला 'कर्करोगाचा संभव असलेले' काम ठरवले आहे. आरएमएसमध्ये रात्रभर टपाल वर्गीकरण करणाऱ्या आणि रात्र-रात्र इंजिनावर जागणाऱ्या आपल्या माणसांनी हे वाचून ठेवावे.

बनारसशी याचा संबंध फार जवळचा आहे. डिझेल रेल्वे इंजिने बनवणारा देशाचा मोठा कारखाना याच शहरात १९६१ साली स्थापन झाला आणि १९६४ साली तिथून पहिले इंजिन बाहेर पडले. २०२० साली त्याचे नाव बदलून बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाले. आता तिथे विजेची इंजिने बनतात आणि देशातील मोठ्या मापाच्या मार्गांचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले आहे. पण कर्करोग वीस-वीस वर्षांनी डोके वर काढतो. डिझेल इंजिन गेले, धूर मात्र माणसांच्या फुप्फुसात राहिला. त्याचा हिशेब ठेवायचा तर तो आजपासून आणि पुढची वीस वर्षे न थांबता ठेवावा लागेल.

वर्षे मोजावी लागतात

साथीचा रोग आठवड्यात कळतो. मधुमेह, कर्करोग, दमा आणि रक्तदाब हे रेंगाळणारे रोग आहेत, आणि त्यांचे संशोधनही रेंगाळणारेच असते. हे समजायला आपल्याच महाराष्ट्रातील दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

१९९८ साली टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांना घेऊन एक अभ्यास सुरू केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना थोड्या आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून गर्भाशयमुखाची साध्या व्हिनेगरने तपासणी करवून घेतली. निकाल २०१३ साली आला. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. त्याच स्त्रियांच्या स्तनांच्या हाताने केलेल्या तपासणीचा निकाल यायला २०२१ साल उजाडले. दुसरा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांचा. त्यात बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय होते. १९९९ साली सुरू झालेल्या या कामाचा निकाल २००९ साली छापला गेला. विषाणूची एकच चाचणी केलेल्या गावांत या रोगाचे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले होते.

या दोन्ही अभ्यासांत एका गटातील स्त्रियांना तपासणी न देता फक्त आरोग्यशिक्षण दिले गेले, यावरून पुढे डॉक्टर मंडळींतच कडाक्याचा वाद झाला. तो वाद झाला हे योग्यच झाले. कामगार वस्तीतील आणि खेड्यातील बायांनी आपले शरीर ज्ञानासाठी दिले. त्यांच्या वाट्याला काय आले, हे विचारलेच पाहिजे. पण म्हणूनच हेही लक्षात घ्या की असा अभ्यास सातव्या वर्षी पैसे संपले म्हणून बंद पडला असता, तर त्या बायांनी दिलेले सारे पाण्यात गेले असते आणि हाती एकही आकडा लागला नसता. अर्धा पूल बांधून ठेवला तर त्यावरून अर्धी गाडी जात नाही.

आणि या दोन्ही कामांना पैसा कोणाचा होता? मुंबईच्या अभ्यासाला अमेरिकन सरकारच्या एनआयएच या आरोग्य संस्थेचा आणि उस्मानाबादच्या कामाला गेट्स फाउंडेशनचा.

बनारसमध्येही हेच दिसते. बनारस हिंदू विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेतील डॉ. श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहारमध्ये मुजफ्फरपूरला केंद्र चालवून काळा आजारावर अनेक वर्षे काम केले. महिनोन्महिने ताप, फुगलेली पानथरी, आणि उपचार न झाल्यास मृत्यू असा हा गरिबांचा रोग. जुनी इंजेक्शने तीन-चार आठवडे घ्यावी लागत आणि उत्तर बिहारमध्ये ती निकामी होऊ लागली होती. या संशोधनातून आधी तोंडाने घ्यायचे औषध पुढे आले आणि २०१० साली हे सिद्ध झाले की विशिष्ट औषध शिरेतून एकाच दिवशी, एकदाच दिले तरी शंभरातले पंचाण्णव रुग्ण बरे होतात. २०१४ साली भारत सरकारने ही पद्धत स्वीकारली. शेतमजुराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की महिन्याचा रोज बुडायचा तो एक-दोन दिवसांवर आला. या कामामागेही एनआयएचचे अनुदान होते. रोगी आपले, डॉक्टर आपले, मैलोन्मैल फिरणारे कर्मचारी आपले, आणि किल्ली मात्र वॉशिंग्टनच्या तिजोरीची!

२०२५ साली काय झाले

त्या तिजोरीची किल्ली फिरली. २०२५ च्या सुरुवातीपासून अमेरिकन सरकारने परदेशी मदत आणि स्वतःच्या देशातील आरोग्य संशोधन या दोहोंवर एकाच वेळी कात्री चालवली. १९९६ पासून चालू असलेला मधुमेह प्रतिबंधाचा प्रसिद्ध अभ्यास मार्च २०२५ मध्ये अडकला, कारण त्याचा पैसा ज्या विद्यापीठामार्फत येत होता त्या विद्यापीठाशी सरकारचे भांडण होते. चालणे आणि वजन कमी करणे यांनी मधुमेहाचा धोका निम्म्याहून जास्त घटतो, हे ज्या अभ्यासाने जगाला दाखवले तोच हा अभ्यास. १ मे २०२५ रोजी एनआयएचने जाहीर केले की नवी व्यवस्था होईपर्यंत परदेशी संस्थांना पोटअनुदाने द्यायची नाहीत. आपल्या देशात अमेरिकन मदतीवर चालणारे मित्र दवाखाने जानेवारीतच बंद पडले होते. तृतीयपंथीयांसाठी चालणारे हे दवाखाने एचआयव्हीसारख्या जन्मभराच्या आजारावर तपासणी आणि सल्ला देत. त्यांतला एक कल्याणला आणि एक पुण्याला होता.

अशा वेळी मग धावाधाव सुरू होते ती 'आपत्कालीन निधी'ची. हैदराबादचा दवाखाना टाटा ट्रस्टच्या मदतीने वेगळ्या नावाने पुन्हा उघडला. दक्षिण आफ्रिकेत जुलै २०२५ मध्ये गेट्स फाउंडेशन आणि वेलकम ट्रस्ट यांनी प्रत्येकी १० कोटी रँड दिले आणि तिथल्या सरकारने तीन वर्षांत ४० कोटी रँड द्यायचे कबूल केले. बुडत्याला काडीचा आधार हवाच, त्याबद्दल देणाऱ्यांचे आभार मानू. पण यातला फरक ओळखा. दक्षिण आफ्रिकेत सरकारने निदान स्वतःच्या खजिन्यातून मोठा वाटा उचलला. जिथे फक्त धर्मादाय हात पुढे येतो, तिथे तो वर्षभरासाठी येतो, आणि काय जगवायचे आणि काय मरू द्यायचे हे तो हातच ठरवतो. संपात मिळालेल्या मदतीवर घर काही दिवस चालते. त्यावर कोणी मुलाच्या शिक्षणाचा बेत आखत नाही.

आणि पहिला घाव कोणावर बसतो? मोठ्या प्राध्यापकावर नाही, त्याची नोकरी कायम असते. जातात ते घरोघर फिरणाऱ्या परिचारिका, नमुने नेणारा ड्रायव्हर, प्रयोगशाळेतला मदतनीस, नोंदी भरणारी मुलगी. ही सारी 'प्रकल्प कर्मचारी' नावाची जमात कंत्राटावर असते. रेल्वेत कंत्राटी सफाई कामगार आणि टपाल खात्यात ग्रामीण डाकसेवक ज्या बोटीत आहेत, त्याच बोटीत हीही माणसे आहेत. बनारस जिल्ह्यात २०१७ पासून टाटा मेमोरियलने कर्करोग नोंदणी सुरू केली आहे. मुंबईत अशी नोंदणी १९६० च्या दशकात आणि बार्शीत १९८७ साली सुरू झाली. गावातल्या मृत्यूच्या दप्तरापासून रुग्णालयाच्या फायलीपर्यंत खेपा घालणारा माणूस एक वर्ष गैरहजर राहिला, तर ते वर्ष नोंदवहीत कायमचे कोरे राहते. मागाहून कितीही कोटी दिले तरी ते पान भरून निघत नाही.

आपल्या सरकारचा हिशेब

काही जण म्हणतात, परकीय पैसा बंद झाला ते बरेच झाले, आता आपण स्वावलंबी होऊ. आम्हालाही स्वावलंबन हवे आहे. पण स्वावलंबन भाषणातून येत नाही, अंदाजपत्रकातून येते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारने लिहून दिले होते की २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. सरकारच्याच हिशेबाप्रमाणे २०२१-२२ साली, तेही कोरोनाच्या धामधुमीत, तो १.८४ टक्के होता. विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या सर्व संशोधनावर मिळून आपण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, हा २०२०-२१ चा आकडा. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात आरोग्य मंत्रालयाला सुमारे ९९,८५९ कोटी रुपये दिले, त्यांत आरोग्य संशोधन विभागाचा वाटा सुमारे ३,९०१ कोटींचा. शंभर रुपयांत चार रुपयेसुद्धा नाहीत!

दुसरीकडे २०२३ साली राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. पाच वर्षांत ५०,००० कोटी खर्च होणार असे सांगितले गेले, पण त्यांतले सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून यायचे आहेत. डिझेलच्या धुराने किती फिटर मेले, हे शोधायला कोणता उद्योगपती पैसे देईल? रात्रपाळीने साखर वाढते का, हे कळण्यात कोणत्या कंपनीचा नफा आहे? ज्या प्रश्नाच्या उत्तरात नफा नाही, तो प्रश्न सरकारी पैशानेच सोडवावा लागतो. आणि तो पैसा आपलाच आहे. आयकर भरणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याकडून २०१८ पासून करावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर कापला जातो. अन्नापासून औषधापर्यंत वस्तूंवरचा कर तर साऱ्यांच्याच खिशातून जातो.

देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या देशव्यापी पाहणीतून २०२३ साली पुढे आले. २०२२ साली कर्करोगाचे सुमारे १४.६ लाख नवे रुग्ण असावेत असा सरकारी नोंदणी कार्यक्रमाचा अंदाज आहे. हे आकडेसुद्धा कोणीतरी वर्षानुवर्षे नोंदी केल्या म्हणूनच आज आपल्या हातात आहेत.

लढले की थांबते

निराश होण्याचे कारण नाही. अमेरिकेत स्त्रियांच्या आरोग्यावरचा तीस वर्षांहून जुना अभ्यास एप्रिल २०२५ मध्ये आवळायचे ठरले. इतका गदारोळ उठला की काही दिवसांतच सरकारने माघार घेतली. त्याआधी, १ एप्रिल रोजी, कामाच्या ठिकाणच्या आजारांचा अभ्यास करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेतील बहुसंख्य कर्मचाऱ्यांना नोटिसा मिळाल्या आणि कोळसा खाण कामगारांच्या फुप्फुसांची तपासणी थांबली. खाणीतल्या एका कामगाराने न्यायालयाचे दार ठोठावले. मे महिन्यात न्यायालयाने तो विभाग पूर्ववत चालू करण्याचा आदेश दिला. प्रयोगशाळा वाचवायला खाणीतला माणूस उभा राहिला, हे आपण ध्यानात ठेवू.

म्हणून आपल्या शाखांनी आपल्या मागणीपत्रांत पुढील मुद्दे घालावेत असे मी सुचवतो:

१. डिझेल शेड, वर्कशॉप, रनिंग स्टाफ आणि आरएमएसच्या रात्रपाळीचे सेवेतील व निवृत्त कर्मचारी यांच्या आरोग्याची कायमस्वरूपी नोंद सुरू करावी. रेल्वे रुग्णालयांत आणि सेवापुस्तकांत माहिती पडून आहे. टाटा मेमोरियलसारख्या सार्वजनिक संस्थेमार्फत ती एकत्र आणावी. देखरेख समितीवर कामगार प्रतिनिधी असावेत आणि कोणाची वैयक्तिक माहिती बाहेर जाऊ नये.

२. दीर्घकालीन आजारांवरील संशोधनाला पूर्ण मुदतीचा निधी मंजूर करावा. मधे पैसा आटला तर काम चालू ठेवण्यासाठी सरकारचा राखीव निधी असावा.

३. आरोग्य उपकरातून किती जमा झाले आणि त्यातून संशोधनाला किती गेले, याचा हिशेब दरवर्षी संसदेपुढे मांडावा.

४. प्रकल्प कर्मचाऱ्यांना भविष्यनिर्वाह निधी, पुरेशी नोटीस आणि पुढच्या प्रकल्पात प्राधान्य मिळावे.

५. सीजीएचएसच्या छत्राबाहेर असलेल्या ग्रामीण डाकसेवकांना आणि कंत्राटी कामगारांना नियमित तपासणी व उपचारांचा हक्क मिळावा.

मागण्या मान्य होईपर्यंत एक काम मात्र आपण आजच करू शकतो. प्रत्येकाने एका कागदावर लिहून ठेवावे: कोणत्या शेडमध्ये, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, काय काम केले, रात्रपाळी किती वर्षे केली. डॉक्टरकडे जाताना तो कागद बरोबर न्यावा आणि केस पेपरवर तेवढे लिहून घ्यायला सांगावे. शाखेने त्याची एक प्रत जपून ठेवावी. अण्णांचा असा कागद नव्हता. आपला असू द्या.